पाऊस मंडळाचा, हिशेब कोणाचा?

पुण्यात एखाद्या शनिवारी कुठल्या तरी कॉलेजात किंवा कंपनीच्या सभागृहात तीस-चाळीस जण लॅपटॉप घेऊन जमतात. कोणी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं नवं काही दाखवतं, कोणी स्वतःचा प्रोग्राम पडद्यावर उघडून त्यातली चूक सगळ्यांसमोर शोधतं, मग चहा आणि गप्पा. प्रवेश फुकट, सॉफ्टवेअर फुकट, शिकवणारा बिनपगारी. लिनक्सवाल्यांचे, पायथनवाल्यांचे असे गट तिथे बऱ्याच वर्षांपासून आहेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये तर पायकॉन ही पायथनची परिषदच पुण्यात भरली होती. सोळा तालुक्यांच्या यवतमाळ जिल्ह्यात, कापूस-सोयाबीनच्या मुलखात, डेटाचा असा कट्टा सुरू करावा का, यावर इथे दोघं भांडताहेत.

भांडणारे दोघं मीच उभे केले आहेत. मामांनी कृषी खात्यात नोकरी केली, पर्जन्यमापकापासून पीक कापणी प्रयोगापर्यंत सगळं हाताखालून घातलं, आणि आता ते दारव्ह्यात राहतात. भाची यवतमाळात घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठी डेटाचं काम करते. माणसं काल्पनिक, पण मुद्दे या जिल्ह्यात कोणाशीही बोललं की निघतात ते. माझा कल भाचीकडे आहे हे आधीच सांगतो. मामांच्या आक्षेपांना उत्तर दिल्याशिवाय मात्र असा कट्टा सुरूच करू नये, हेही माझं ठाम मत आहे.

मामा : तुमचा पुण्याचा कट्टा मी पाहिला नाही, पण इथले मेळावे भरपूर पाहिलेत. शेतकरी मेळावा, बचतगटांचा मेळावा, तंत्रज्ञान मेळावा. फ्लेक्स लागतो, सत्कार होतात, पाहुण्यांचं भाषण लांबतं आणि जेवणं झाली की मांडव रिकामा. तुझ्याकडे पहिल्या वेळी पन्नास येतील, दुसऱ्या वेळी बारा, तिसऱ्या वेळी तू एकटी बसशील.

भाची : मंच, सत्कार, पाहुणे यातलं काहीच करायचं नाही, मामा. डेटामीट नावाचा गट २०११ मध्ये बंगळुरूत सुरू झाला. सरकारी आकडे ज्यांना कामाला लागतात असे पत्रकार, प्रोग्रामर, संशोधक, संस्थांचे कार्यकर्ते एकत्र बसायला लागले. पुढे पुण्या-मुंबईतही त्यांच्या बैठका झाल्या. लोकसभा-विधानसभा मतदारसंघांच्या हद्दी संगणकाला वाचता येतील अशा रूपात सहजासहजी मिळत नव्हत्या. या लोकांनी ते नकाशे तयार केले आणि कोणीही वापरावेत म्हणून मोकळे ठेवले. केंद्र सरकारचं माहिती खुली करण्याचं धोरण २०१२ चं, पण धोरण आलं म्हणून आकडे आपोआप वापरण्याजोगे होत नाहीत. कोणाला तरी बसून ते नीट करावे लागतात, आणि एकट्याने ते होत नाही.

मामा : नकाशा काढणं वेगळं आणि आपलं दुखणं वेगळं. एका महसूल मंडळात पंधरा-वीस गावं असतात. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी, नाही तर नाही. पंचनामा असो, मदत असो, मंडळाच्या आकड्यापाशी येऊन गाडी थांबते. २०१७ पासून महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं लागली, राज्यात दोन हजारांच्या वर. तरी मंडळाला केंद्र एकच. आणि आपल्याकडचा पाऊस तुला माहीत आहे. नाल्याच्या अलीकडे वावर खरडून जाते, पलीकडे धूळ उडते. केंद्र पलीकडे असलं की अलीकडच्याचं नुकसान कागदावर झालंच नाही. यात तुझा पायथन काय करणार?

भाची : नुकसान भरून देणार नाही. पण आकडा केंद्रावरून निघाल्यावर त्याचं काय काय होतं, ते सगळ्यांना दिसेल. साधं उदाहरण घ्या. समजा एका मंडळाच्या सात दिवसांच्या नोंदी आहेत : १२, ०, ३१, मग एक घर कोरं, मग ६८, ४, ०. कोऱ्या घराला शून्य धरलं तर दिवसाची सरासरी येते १६.४ मिलिमीटर. ते घर वगळलं तर १९.२. तक्ता एकच, उत्तरं दोन, आणि गणित दोघांचंही बरोबर. आता बेरीज घ्या. पायथनमध्ये पांडाज नावाचं साधन आम्ही रोज वापरतो. बेरीज करायला सांगितली की ते कोरं घर मुकाट्याने सोडून देतं आणि ११५ सांगतं. वाचणाऱ्याला वाटतं, आठवड्याचा पाऊस ११५. तो सहा दिवसांचाच असतो. राहिलेल्या दिवशी सत्तर पडला असेल तर?

मामा : कोरं घर काहून राहिलं ते आम्ही शेऱ्याच्या रकान्यात लिहीत होतो. मापक सदोष, नोंद उशिरा, वाचक रजेवर. तक्ता संगणकात चढवताना शेऱ्याचा रकाना कोणी घेत नाही.

भाची : हे वाक्य पुण्याच्या कट्ट्यावर कोणी बोलू शकत नाही, मामा.

इथे दोघांना क्षणभर थांबवतो, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ या दोन वाक्यांत आहे. शहरातल्या कट्ट्यावर जमणारे बहुतेक जण तयार डेटा वापरणारे असतात. आकडे आयते उतरवून घ्यायचे आणि त्यांवर नवीन पद्धत चालवून पाहायची. त्यातून शिकायला मिळतंच. पण शेऱ्याचा रकाना कुठे गळाला हे सांगणारा माणूस त्या खोलीत नसतो. यवतमाळात तो तालुक्याच्या गावी राहतो, बसने तासाभरात येऊ शकतो. कृषी सहायक, आशा सेविका, तलाठी कार्यालयात काम केलेला माणूस, जिनिंगमध्ये कापसाची आवक लिहिणारा मुनीम, हे सगळे आकड्याच्या जन्माच्या वेळी हजर असतात. त्यांना श्रोत्यांत बसवून एखाद्या तज्ज्ञाने पायथन समजावलं, तर तो मामा म्हणतात तसा आणखी एक मेळावा होईल. त्यांनी बोलावं आणि लॅपटॉपवाल्यांनी लिहून घ्यावं, हा क्रम ठेवला तरच कट्ट्याला अर्थ आहे.

मामा : ठीक. मी बोललो, तुम्ही लिहून घेतलं. पण पर्जन्यमापकच चुकीच्या जागी असला तर? झाड, भिंत, जे काही आडवं येईल त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर मापक पाहिजे, असं आम्हाला शिकवलं होतं. मापक लावताना जागा मोकळी असते. मग बाजूला खोली उठते, कडुनिंब वाढतो. नरसाळ्यात पालापाचोळा अडकला की पाऊस पडतो आणि नोंद होत नाही. मुळातच खोटं असेल तर संगणक त्याची चांगली रंगीत आलेखपट्टी काढून देईल, एवढंच.

भाची : बरोबर आहे. कोणता आकडा खोटा ते संगणक सांगणार नाही. पण कुठे जाऊन पाहायचं ते नक्की सांगू शकतो. एका मंडळाच्या चारी बाजूंच्या मंडळांत सगळा जुलै चांगला पाऊस आणि मधल्यात सलग शून्य, असं एकदा झालं तर निसर्ग. दर पावसाळ्यात होत असेल तर कोणीतरी गाडी काढून जावं आणि नरसाळ्यात डोकवावं. अशी मंडळं शोधायला वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्राम पुरतो. आणि तो एकदा लिहिला की दिग्रसचा मुलगा तो घेऊन दिग्रसला चालवू शकतो, उमरखेडची मुलगी त्यातली चूक काढू शकते.

मामा : हे सगळं एक्सेलमध्ये होते. आमच्या हपिसात सगळे एक्सेलच वापरत होते. त्यासाठी ओपन सोर्सचा झेंडा काहून?

भाची : होतं, पण माग राहत नाही. एक्सेलमध्ये कोणी एका घरात जाऊन शून्य टाकलं आणि फाइल पुढे पाठवली, की ते शून्य मोजलेलं की भरलेलं हे कळायला मार्ग उरत नाही. प्रोग्राममध्ये ‘कोऱ्या जागी शून्य भरा’ अशी ओळ लिहावी लागते. ती कोणालाही वाचता येते आणि तिच्यावर भांडता येतं. तुमच्याच खात्यातलं उदाहरण देते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे पोकरा, त्यात आपला जिल्हा आहे. गावाच्या पाण्याचा ताळेबंद कसा मांडायचा याची पद्धत आयआयटी मुंबईने त्यासाठी बसवली. मंडळाचा रोजचा पाऊस, जमिनीची खोली आणि पोत, उतार, पीक, एवढं धरून किती पाणी वाहून गेलं, किती मातीत मुरलं, पिकाला किती कमी पडलं याचा हिशेब. तो चालवायला त्यांनी क्यूजीआयएस या खुल्या नकाशा-सॉफ्टवेअरसाठी जोडसाधन लिहिलं. क्यूजीआयएस २००२ पासून जगभरचे लोक मिळून वाढवताहेत. एका परवान्याला लाखो रुपये मोजायचे असते तर एखाद्या गावातल्या मुलाने स्वतःच्या शिवाराचा ताळेबंद करून पाहायचा विचारही केला नसता.

मामा : पोकराचे ताळेबंद मी पाहिलेत. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेले. गावातल्या किती जणांना ते कसे आले हे ठाऊक होतं?

भाची : हाच कट्ट्याचा दुसरा विषय. एखादं गाव घ्यायचं, भिंतीवरचा ताळेबंद पुन्हा करून पाहायचा. जमीन खोल धरली आहे की उथळ, सोयाबीन धरलं की पऱ्हाटी, ते त्या गावच्या माणसाला विचारायचं. उत्तर तेच आलं तर गावाचा विश्वास बसेल. वेगळं आलं तर का आलं ते लिहून कळवायचं.

मामा : फुकट फुकट म्हणतेस, पण लॅपटॉप फुकट नाही. घाटंजीच्या, झरीच्या पोट्ट्यांकडे मोबाइल असतो आणि मोबाइलवर हे होत नाही. यवतमाळात किंवा पुसदला इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथली मुलं येतील. पांढरकवड्याची बीएस्सीवाली पोरगी येणार कशी? तुमच्या शहरातल्या बैठका संध्याकाळी असतात. तिची शेवटची एसटी पाचला सुटली की ती गेली.

भाची : म्हणून वेळ अकरा ते तीन ठेवायची, दोन बस धरता येतील अशी. जागा कॉलेजची संगणक प्रयोगशाळा, रविवारी ती बंदच असते. एका संगणकावर तिघं बसले तरी चालतं, उलट जास्त बोलणं होतं. मुलींचं म्हणाल तर हा प्रश्न फक्त झरीचा नाही. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरात गॅब्रिएला दि केरोज या ब्राझीलहून गेलेल्या बाईंनी २०१२ मध्ये आर-लेडीज हा आर ही संगणकभाषा वापरणाऱ्या बायकांचा गट सुरू केला, कारण अशा बैठकांत बायका दिसत नव्हत्या आणि आल्या तरी बोलत नव्हत्या. आता जगभर त्याच्या शाखा आहेत. भाषेची अडचणही अर्धी सुटलेली आहे. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, दहा-दहा मिनिटांचे, त्यांतले बरेच मराठीत. पडद्यावर जे दिसतं तेच शेजारी करत जायचं. शिक्षक नसला तरी शिकता येईल अशा बेताने ते बनवले आहेत.

मामा : ते ऐकून मुलगा पायथन शिकेल. आपल्या जिल्ह्याचा कागद त्याला वाचता येईल का?

भाची : तिथे मात्र पुण्याचा कोणीही आपल्या उपयोगाचा नाही. जुने तक्ते कृतिदेव नाही तर श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. त्यांच्यातून मजकूर काढला की अक्षरांचा नुसता चिखल हाती येतो, आणि कोणत्या खुणेचं कोणतं अक्षर ते जुळवत बसावं लागतं. एकच तालुका एका तक्त्यात केळापूर, दुसऱ्यात पांढरकवडा. संगणकाला ते दोन तालुके वाटतात. दारव्हा इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. देवनागरी आकडे असले तर आणखी वेगळी गंमत. पायथनला एकटा ‘६५’ दिला तर तो त्याला पासष्ट म्हणून ओळखतो, पण पांडाजने सगळी फाइल वाचली की तोच रकाना अक्षरांचा समजला जातो आणि बेरीज बिघडते. हे एकेक कोडं सोडवून, सोळा तालुक्यांच्या नावांचे सगळे पर्याय एका यादीत टाकून ती मोकळी ठेवली, तरी वर्षभराचं काम झालं.

या कामाला कोणी संशोधन म्हणणार नाही आणि त्यावर कोणाला नोकरीही लागणार नाही. तरी मला ते फार मोलाचं वाटतं. आर ही भाषा आज जगभर चालते, तिची सुरुवात न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन शिक्षकांनी केली. समोरच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवायला हाताशी सोयीचं साधन नव्हतं, म्हणून. स्वतःच्या वर्गाची अडचण त्यांनी सोडवली आणि सोडवलेलं सगळ्यांना दिलं. केळापूर-पांढरकवड्याची यादी त्याच जातीचं काम आहे. ती एकदा मोकळी झाली की मंत्रालयातला कारकूनही वापरू शकतो आणि पत्रकारही.

आता मामांचा सगळ्यात जड मुद्दा. यात माझ्या मते ते जिंकतात.

मामा : २०१७ चा पावसाळा आठवतो? कीटकनाशकाच्या फवारणीने माणसं मेली. वीसच्या वर जीव गेले, शेकडो दवाखान्यात. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा अंगावर येत होता, दोन-दोन औषधं मिसळून मारत होते. रुग्ण येत होते तेव्हा नोंदी होतच होत्या. पण गवगवा व्हायला ऑक्टोबर उजाडला.

भाची : म्हणूनच म्हणते. दर आठवड्याला कोणत्या तालुक्यातून विषबाधेचे किती रुग्ण आले एवढा एकच आकडा खुला असता, तर ऑगस्टमध्येच रेघ वर चढताना कोणाला तरी दिसली असती.

मामा : दिसली असती. आणि पुढे? तुझा एखादा हुशार पोट्टा गावनिहाय यादी मागेल. गावात एकच बाधित असला तर नाव लिहायची गरजच काय, सगळ्या गावाला कळते. मजूर असतो तो. फवारणी त्याने केली, वावर दुसऱ्याचं. उद्या मालक त्याला विचारेल, तू काहून बोभाटा केला? आणि आत्महत्येच्या नोंदींचं तर बोलूच नको. या जिल्ह्यात बाहेरून येऊन मोजणारे खूप झाले. घरात मेलेला माणूस आणि बाहेर कागद-पेन घेऊन उभे असलेले लोक. त्या घरातल्या बाईला पुन्हा पुन्हा तेच सांगावं लागलं. आपला डेटा खुला व्हावा असं त्या घराला कोणी विचारलं का?

भाची : नाही विचारलं. आम्हीही विचारलेलं नसतं.

मामा : मग आधी हे ठरव. कोणत्या तक्त्याला हात लावायचा नाही ते.

भाची : माणसाचा तक्ता घ्यायचाच नाही. माणसांच्या मोजणीत तालुक्याच्या खाली जायचं नाही, आणि तालुक्यातही आकडा एक-दोनच असला तर तो न छापता झाकायचा. पाऊस, भाव, आवक, पाण्याची पातळी, एवढंच आधी. माणसांच्या नोंदी ज्यांच्या आहेत ते स्वतः येऊन म्हणतील तेव्हा.

मामा : ते आले नाहीत तर?

भाची : तर नाही घ्यायच्या.

खुलेपणाचा आग्रह धरणारे बरेच जण या प्रश्नाला वळसा घालून जातात. सॉफ्टवेअर खुलं असणं आणि माणूस उघडा पडणं यांतली रेघ शहरातल्या कट्ट्यावर कायद्याच्या कलमांनी काढता येत असेल. इथे मात्र ज्याची नोंद आहे तो बसमध्ये शेजारी बसलेला असतो. यवतमाळच्या कट्ट्याने पहिल्याच दिवशी हा नियम लिहून भिंतीवर लावावा.

मामा : शेवटचं विचारतो. दोन वर्षं तू पोट्टे तयार केले. तिसऱ्या वर्षी ते पुण्याला, हैदराबादला गेले. तू तरी किती दिवस इथं राहशील? मग?

भाची : जातील. त्यांना मी अडवणार नाही, पगार तिकडे आहे. पण जाणाऱ्याचं काम त्याच्या डोक्यात राहिलं तरच ते त्याच्याबरोबर जातं. प्रोग्राम, तालुक्यांच्या नावांची यादी, कोऱ्या दिवसांची यादी, हे सगळं खुल्या जागी मराठी टिपांसह लिहून ठेवलं तर पुढच्या वर्षीची मुलगी तिथून पुढे काम धरते. आणि गेलेला मुलगा हैदराबादहून रात्री बसून चूक दुरुस्त करून पाठवू शकतो. खरी भीती मला वेगळीच वाटते. दर महिन्याला जागा ठरवणं, निरोप देणं, किल्ली आणणं हे एकाच माणसावर पडतं आणि तो थकतो. म्हणून ते तीन तालुक्यांत फिरतं ठेवायचं. एकदा यवतमाळ, एकदा पुसद, एकदा वणी.

मामा : महिना सोड. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी चालू असताना कोणी येणार नाही, बोलावूही नको. पेरणीतही नको. वर्षातून सहा वेळा भर, पण भर.

भाची : सहा चालतील. पहिल्या वेळी तुम्ही बोला, एका मंडळाच्या मागच्या पावसाळ्यावर. तक्ता मी आणते.

मामा : त्याआधी तहसील आणि तालुका कृषी कार्यालयाला पत्र दे.

भाची : काहून? पाऊस सरकारने स्वतःच जाहीर केलेला आहे, त्याला परवानगी कशाची?

मामा : परवानगी मागू नको, माहिती दे. रविवारी तिथला कृषी सहायक आपल्यात येऊन बसला आणि सोमवारी साहेबाने विचारलं, तर त्याच्या हातात कागद पाहिजे. नाही तर पुन्हा तो येणार नाही, आणि तो नसला तर तुझ्या कोऱ्या घरांचं कारण कोण सांगेल?

भाची : पत्र देते. प्रमुख पाहुणे म्हणून मात्र कोणालाच बोलावणार नाही.

मामा : नको बोलावू. पत्र मराठीत लिही, कोरे दिवस कोणते त्याची यादी सोबत जोड आणि त्या दिवसांचे शेरे माग. महिन्यात उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करू. दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो, तो मी आणतो.